मदत हवी आहे : जुनं एअर पिस्तूल, साइट शेवटपर्यंत फिरवली तरी छर्रे डावीकडेच

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय. धंदा गवंडीकामाचा, आता लहानसहान बांधकामं अंगावर घेतो. नेमबाजीतलं जे काही कळतं ते लेकीमुळं. ती नववीत आहे, १० मीटर एअर पिस्तूल खेळते. दिवाळीआधी शालेय स्पर्धा आहेत. नवं मॅच पिस्तूल आमच्या आवाक्यातलं नाही, म्हणून खेळ सोडलेल्या एका नेमबाजाकडून जुनं घेतलं. जर्मन बनावटीचं, सिलिंडरच्या हवेवर चालणारं, ४.५ मिमीचं. देताना साइट (नेम धरायला नळीवर पुढं आणि मागं असलेल्या खुणा) एकदम सेट आहे असं म्हणाले होते.

अडचण अशी आहे. लेक नेहमीसारखा काळ्या गोलाच्या खाली, बारीक पांढरी फट ठेवून नेम धरते. छर्रा लागतो मध्यापासून साधारण २५ मिमी डावीकडं, म्हणजे सात गुणांच्या वर्तुळात. छर्रा जिकडं न्यायचा तिकडंच मागची साइट सरकवायची हे मला माहीत होतं. तशी उजवीकडं सरकवत गेलो, तर स्क्रू शेवटाला टेकला.

आधी वाटलं, पोरीचंच बोट ट्रिगरला हिसका देतंय. उजव्या हातानं खेळणाऱ्याचे छर्रे हिसक्यानं डावीकडं आणि खाली जातात, हे कोच सांगतात. तिनंही ते मनाला लावून घेतलं. संध्याकाळी जेवणाआधी भिंतीसमोर उभी राहून बिनछर्ऱ्याचा सराव करायची, एक शब्द बोलायची नाही. मी तिला सांगितलं, २०२१ साली टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं होतं. बाई, दर वेळी चूक आपलीच असते असं नाही.

मग एका रविवारी शेडमध्ये टेबल मांडलं, ज्वारीची पिशवी ठेवली आणि हात तिच्यावर टेकवून मारायला लावलं. पाच छर्रे तिनं मारले, पाच कोचनी. दोघांचेही डावीकडं, आणि प्रत्येकाचे पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ. हिसक्याचे छर्रे असे एका जागी पडत नाहीत. खोट पिस्तुलात आहे, एवढी माझी खात्री झाली.

खरी काळजी पुढं आहे. आता ती नेमच उजवीकडं धरायला लागलीय, म्हणजे छर्रा दहात जातो. वाकडी भिंत जाड गिलावा मारून ओळंब्यात आणावी तसं आहे हे. उद्या दुसरं पिस्तूल हातात आलं तर ही सवय मोडायची कशी? ओळखीचा वेल्डर म्हणतो, पुढची साइट पकडीनं वळवून देतो. मन धजत नाही. काय करावं?

प्रतिसाद १

दादा, वेल्डरकडं अजिबात नेऊ नका, कानसही लावू नका.

आधी हिशोब बघा. छर्रा जितका चुकतो त्याला दोन साइटमधल्या अंतरानं गुणायचं आणि १० मीटरनं भागायचं. अंतर ३२० मिमी धरलं तर २५ गुणिले ३२० भागिले १०,०००, म्हणजे ०.८ मिमी. मागची साइट टोकाला असूनही एवढं कमी पडतंय, तर दोष बहुतेक पुढच्या साइटचा. पुष्कळ मॅच पिस्तुलांत ती नळीच्या तोंडावरच्या तुकड्यावर बसवलेली असते आणि तो तुकडा स्क्रूनं नळीला आवळलेला असतो. पिस्तूल कधी पडलं असेल किंवा कुणी साफ करताना उघडलं असेल, तर तो जरासा फिरतो. पुढची साइट उजवीकडं कलली की छर्रा डावीकडं जातो. तिचं मागचीच्या उलट असतं.

तुमच्याकडं ओळंबा आहेच, तोच वापरा. पण आधी सिलिंडर काढा आणि नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा. मागची साइट वेढे मोजत मधोमध आणा. लाकडी ठोकळ्यांत कापड घालून पिस्तूल धरा आणि मागच्या साइटची वरची कड लेव्हलमध्ये करा. मग पुढच्या साइटमागं ओळंब्याचा दोरा सोडा.

प्रतिसाद २

सगळं झाल्यावर एकाच डब्यातले छर्रे वापरून तपासा. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप, म्हणजे जवळजवळ पडलेला झुबका, दिसल्याशिवाय साइटच्या स्क्रूचा एकही क्लिक (टकटक वाजणारा टप्पा) फिरवायचा नाही. एका छर्ऱ्यावर विश्वास ठेवला की साइटच्या मागं धावत बसावं लागतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोरा सोडला आणि बघतो तर पुढची साइट उजवीकडं कललेली! नुसत्या डोळ्याला इतके दिवस दिसली नव्हती. दोऱ्याशेजारी मात्र वर रुंद आणि खाली अरुंद अशी उजेडाची पाचर दिसली. कोच शेजारी होते. त्यांनी ॲलन कीनं स्क्रू सैल केला, तुकडा केसभर फिरवला, पाचर मिटली तसा पुन्हा आवळला.

पहिले पाच छर्रे आठात, किंचित उजवीकडं. पुढचे क्लिक लेकीनं स्वतः मोजून डावीकडं फिरवले, वहीत लिहून ठेवले, आणि दुसरा ग्रुप काळ्या गोलाच्या मध्यात पडला. नेम सरळ धरूनच. जेवताना तेवढ्याबद्दलच बोलत होती.

आता एकच उरलं. लाकडी ग्रिप आधीच्या मालकाच्या मोठ्या हाताची आहे, हिच्या तळव्यापाशी पोकळी राहते. ती लाकडाच्या पुट्टीनं भरली तर घामानं सुटते का? कुणी केलं असेल तर सांगा.