कोकणात बंदूक: काळी नळी की स्टेनलेस?

वाशिष्ठीकाठ:
शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर नवी बंदूक घेताना काळ्या नळीच्या मोहात पडू नका. ती काळी झाक म्हणजे रंग नव्हे. कॉस्टिक आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात बुडवून पोलादावर आणलेला ऑक्साइडचा पातळ थर, तेल धरून ठेवण्यापुरता. तेल सुकलं की खारं वारं थेट नळीला भिडतं. २०२४ ची लोकसभा आठवा. आचारसंहिता १६ मार्चला, निकाल ४ जूनला. तोवर निवडणुकीपायी पोलीस ठाण्यात जमा असलेली बंदूक पुसणार कोण? माझी परत मिळाली तेव्हा चापाच्या कडीभोवती तांबूस पुरळ उठलं होतं.

देवगडकर:
तेल नव्हतं म्हणून गंज चढला, यात पोलादाचा काय दोष? आमची दुनळी आजोबांपासूनची. कडांवरची काळी झाक उडून पांढरी पडलीय, पण नळीत एक खड्डा नाही. बार काढला की त्याच रात्री गज आणि फडकं घेऊन बसायचं, हा घरचा नियम. जमा करताना आतबाहेर ग्रीसचा जाड हात द्यायचा. चामड्याच्या म्यानात तर कधीच ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. आणि बारा बोअरमध्ये, म्हणजे आपल्या छऱ्याच्या बंदुकीच्या मापात, स्टेनलेस नळी दुकानात दिसते तरी कुठे?

लेथवाला:
स्टेनलेस गंजतच नाही, हा समज आधी सोडा. बंदुकीत बऱ्याचदा ४१६ जातीचं स्टील असतं. क्रोमियम १२ ते १४ टक्के, आणि कातकाम सोपं जावं म्हणून मुद्दाम घातलेलं गंधक. त्यामुळे मिठापुढे ते घरातल्या भांड्यांच्या स्टीलपेक्षा कच्चं. दस्त्याखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि उशिरा कळतात.
तरी माझं मत स्टेनलेसलाच. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६० हे स्टेनलेस रिव्हॉल्व्हर १९६५ मध्ये आलं. अंगाला लागून घामात राहणाऱ्या हत्याराला हेच स्टील हवं. ओरखडा पडला तर घासून निघतो. काळ्या नळीला मात्र जुना थर उतरवून सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागते.

वाशिष्ठीकाठ:
देवगडकर, तुमचा नियम घरात माणूस आहे तोवर. आमच्या वाडीतले परवानेवाले साठी उलटलेले, मुलं मुंबईला. गज कोण फिरवणार? बारा बोअरमध्ये मिळत नाही हेच तर दुखणं. किनारपट्टीसाठी आयुध निर्माणीने अशी नळी काढायला हवी.

देवगडकर:
काढतील तेव्हा काढतील. जमा बंदुकीला महिन्यातून एकदा ठाण्यातच, पोलिसांसमोर, मालकाला तेल लावू द्यावं, एवढं निवेदन आधी लिहा. पहिली सही माझी.