शेखाडीचं आरडीएक्स कोणत्या कायद्याने अडलं असतं?

खाडीकाठ (रत्नागिरी)

काल इथे एकाने लिहिलं, "ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला जनसुरक्षा कायद्याची भीती कशाला? शेखाडी विसरलात काय?" रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रायगड किनाऱ्यावरची शेखाडी विसरलेलो नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिथे आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. पण तेव्हा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा लागू होता, आणि त्याहून कडक कायदा शोधून सापडणार नाही. जामीन जवळजवळ अशक्य, आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब थेट पुरावा. तरी माल उतरला, कारण ज्यांनी अडवायचा त्यांनीच वाट मोकळी करून दिली. कस्टममधली आणि पोलिसांतली माणसं त्याच खटल्यात दोषी ठरली. कायदा कमी पडला नव्हता, माणसं विकली गेली होती.

आता जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेलं हे जनसुरक्षा विधेयक वाचा. "कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना." या "तत्सम"ला कुंपण कुठे आहे? बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या, थोडे बदल झाले, हा शब्द राहिलाच. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या सर्वेक्षणाविरुद्ध बायाबापड्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. उद्या त्यांच्या समितीला "तत्सम" म्हटलं, तर थांबवणार कोण? माझ्या भाच्याला एका आंदोलनानंतर हद्दपारीची नोटीस आली. तो तिथे चहाची किटली घेऊन गेला होता. सात महिने तारखांना फिरला, शेवटी नोटीस मागे घेतली. त्या सात महिन्यांत ठरलेलं लग्न मोडलं.

श्रीवर्धनकर

भाच्याचं वाईट वाटलं. पण माझे काका दादरला प्लाझाजवळ बससाठी उभे होते, ते घरी आलेच नाहीत. काकूने आम्हाला वाढवलं. तुम्ही २५७ हा आकडा लिहिता, आमच्या घरात त्यातला एक माणूस आहे.

टाडा होता तरी माल उतरला, हे खरं. पण शंभर जण दोषी ठरले, त्यातले बहुतेक त्याच टाडाखाली, त्याच कबुलीजबाबांच्या आधारे. साध्या कायद्याने ते झालं असतं का, सांगा. साक्षीला कोण उभं राहिलं असतं? कायदा नुसता अडवायला नसतो, नंतर न्याय द्यायलाही लागतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बोट लागली, आत तीन एके-४७. नंतर कळलं की ती परदेशी माणसाची भरकटलेली नौका होती. पण त्या रात्री आमच्या आळीत कोणी झोपलं नाही. तुम्ही रत्नागिरीत बसून "तत्सम"वर चर्चा करा.

तांडेल (मालवण)

दोघेय मोठे लोक बोलतास, म्हणान माझाय एक आयका.

२६/११ ला अतिरेकी "कुबेर" मच्छीमार बोटीतून आले. त्यानंतर पहिला हात आमच्यावर पडला. बायोमेट्रिक कार्ड, बोटीचा रंग, टोकन, खलाशांची यादी. कबूल, सुरक्षा हवी. पण पहाटे दोन वाजता आम्ही पाती (छोट्या होड्या) घेऊन निघालो की कार्ड दाखव, जाळं उचल, बर्फाची पेटी उघड. एकदा माझ्या म्हाताऱ्या बापाला कार्ड घरी राहिलं म्हणून धक्क्यावर चार तास उन्हात बसवलं. बाप म्हणाला, "माका दर्यो ओळखता, ह्यांका कार्ड व्हया!"

आणि कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर? रात्री आमच्या बारा वाव खोलीच्या पाण्यात घुसून जाळी तोडून जातात. एलईडी दिवे लावून मासळी उपसतात, तिला २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. गस्तीनौका तेव्हा कुठे असते?

श्रीवर्धनकर

विषय राष्ट्रीय सुरक्षेचा आहे. एलईडीचं रडगाणं दुसरीकडे.

तांडेल (मालवण)

रडगाणं? जो ट्रॉलर शंभर दिवे लावून येतो तो गस्तीला दिसत नसेल, तर काळोखात येणारी होडी दिसणार आहे का? समुद्रावर डोळे आमचे आहेत. अनोळखी बोट पहिली आम्हाला दिसते. पण कळवायला गेलो की आमचीच जबानी, आमचाच फोन जमा, मोसमाचे दोन दिवस बुडाले. पुढच्या वेळी कोण सांगेल?

देवगडची

एलईडीबद्दल बरोबर, पण या नादात पर्ससीनवाल्यांनाही गुन्हेगार ठरवाल. आमच्या घरची पर्ससीन (थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याची बोट) आहे. २०१६ च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मिळतात. कर्ज बारा महिन्यांचं, वीसेक खलाशांचा पगार वेगळा. नियम पाळणारा आणि तोडणारा एकाच तराजूत का?

तांडेल (मालवण)

चार महिन्यांत तुम्ही बांगड्याचा अख्खा थवा उचलता, ताई. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या ताटात काय उरतं? माझ्या आजोबांच्या रापणीला साठ माणसं लागायची, आज दोरी ओढायला आठ मिळत नाहीत.

देवगडची

रापण मोडली ती माणसं मुंबईला गेली म्हणून. सगळं आमच्या माथी मारू नका.

खाडीकाठ (रत्नागिरी)

भांडा, पण तांडेलांचं "पुढच्या वेळी कोण सांगेल?" हे वाक्य सोडू नका. नियम पाळणारा आणि तोडणारा एकाच तराजूत, हे ताईंचं म्हणणंही माझंच म्हणणं आहे.

श्रीवर्धनकर, तुमच्या काकांसमोर मी मान खाली घालतो. "रत्नागिरीत बसून" हे मात्र मागे घ्या. मिसा हा स्थानबद्धतेचा कायदा १९७१ मध्ये आला तो देशाच्या सुरक्षेच्या नावाने. १९७५ मध्ये त्याच कायद्याखाली आपल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की आणीबाणीत बंदिवानाला दादही मागता येणार नाही. आज यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात आरोप सकृतदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. खटला रखडला तर जामीन देता येतो, हे २०२१ मध्ये नजीब नावाच्या आरोपीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, पण तोवर त्याची पाच वर्षं आत गेली होती. कसाबला वकील मिळाला, खटला चालला, नोव्हेंबर २०१२ मध्ये फाशी झाली. तेवढी प्रक्रिया माझ्या भाच्यासारख्यांना का नको?

श्रीवर्धनकर

"रत्नागिरीत बसून" मागे घेतलं, रागात लिहिलं. कायद्याला माझा पाठिंबा कायम. "तत्सम" शब्द मलाही नको, तेवढं मान्य. चौकशी वरच्या अधिकाऱ्यानेच करावी आणि खोटी केस टाकणाऱ्यालाही शिक्षा हवी. त्याच्या पुढे एक पाऊल येणार नाही.

आणि तांडेल, वडिलांना चार तास बसवलं ते चुकीचंच. पण कार्ड नेत जा.

तांडेल (मालवण)

१ ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठली की पहिल्याच फेरीला नेतो. तुम्ही एकदा माझ्या बोटीवर येवा. वीस वावावर रात्री किती दिवे दिसतात, ते मोजून इथे लिहा.