डाउन सिंड्रोम, लेक अजून चालत नाही... एसएमओ (घोट्याच्या जरा वरपर्यंत येणारे प्लास्टिकचे आधार) आत्ताच घालायचे का?

चिमणीची_आई: लेक २० महिन्यांची, डाउन सिंड्रोम आहे. रांगते, सोफ्याला धरून उभी राहते पण उभी राहिली की घोटे आत कलंडतात आणि तळवा पार सपाट होतो. ऑर्थोटिस्ट (असे आधार मापाने बनवून देणारे) म्हणतायत एसएमओचं माप घेऊन टाकू, फिजिओ म्हणतायत चालू दे आधी. मी कुणाचं ऐकू?

फिजिओवाली: ताई मी तुमच्या फिजिओच्या बाजूने. लूपर आणि उलरिच यांचा २०१० चा अभ्यास आहे, चालायच्या आधीची डाउनची बाळं, सगळ्यांना ट्रेडमिलचा सराव, एका गटाला एसएमओ पहिल्यापासून आणि दुसऱ्याला नंतर. मोटर स्कोअर (बसणं, उभं राहणं, चालणं अशा हालचालींचे गुण) नंतरवाल्यांचे जास्त आले. मुलं थोडीच होती त्यामुळे हा काही शेवटचा शब्द नव्हे, पण मला पटतं, कारण या वयात बाळ उकिडवं बसतं, गुडघ्यावरून उठतं, तोल सावरतं, या सगळ्यात पाऊल आणि घोटा मोकळा हवा आणि प्लास्टिकने धरून ठेवला तर ती मेहनत होतच नाही. चालायला लागल्यावरही घोटा असाच पडत असेल तर मात्र एसएमओने तोल सुधारतो, तेव्हा टाळू नका. तोवर घरात अनवाणीच राहू दे.

बाबा_ऑन_ड्युटी: आमच्याकडे चालायला लागल्यावरच घेतले, फरक पडला. पहिल्या दिवशीच दिवसभर घालू नका, तासाभराने सुरू करून हळूहळू वाढवा, आत बिनशिवणीचे लांब मोजे. काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर फिटिंग चुकलंय, लगेच परत दाखवा, "होईल सवय" वगैरे ऐकू नका. बूट रुंद घ्या आणि आतला सोल काढून टाका, नाहीतर पाय आत जातच नाही (बूट शोधणं हेच खरं काम आहे 😅). पाय वाढतो तसे नवे करावे लागतात तो खर्च धरून ठेवा.

निळा_पतंग: वरचं डाउनबद्दल झालं, दुसरा आजार असणाऱ्यांनी जसंच्या तसं उचलू नका हं. भाच्याला ड्यूशेन (स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार) आहे, त्याचे एएफओ (पावलापासून पोटरीपर्यंतचे आधार) फक्त रात्री, टाच आखडू नये म्हणून. चालताना घालायचे नाहीत असं सांगितलंय कारण ही मुलं चवड्यावर येऊनच तोल सांभाळतात, घोटा लॉक केला तर उलट पडतात.

चिमणीची_आई: मग आत्ता माप नको. पण ती एका बाजूचाच पाय जास्त टाकते, दोन्ही सारखे पडत नाहीत, ते चालेल का?

फिजिओवाली: ते थांबवून ठेवू नका, याच आठवड्यात दाखवा. नितंबाचा सांधाही तपासून घ्या म्हणावं, डाउनमध्ये तो सैल असू शकतो.