न्यूअर्कला आईबाबांसाठी लाउंज घ्यावं का? 118 डॉलर जरा जास्त वाटतायत

नमस्कार मंडळी,

आईबाबा पुढच्या महिन्यात पुण्याला परत जातायत. रॉली ते न्यूअर्क (न्यूयॉर्कजवळचा विमानतळ), न्यूअर्क ते दिल्ली युनायटेड एअरलाइन्सने आणि दिल्लीहून पुढे वेगळं विमान. दिल्लीचं विमान रात्रीचं असूनही मी मुद्दाम सकाळचं कनेक्शन घेतलंय. पाऊसवादळात न्यूअर्कला विमानं कशी लटकतात ते इथल्यांना सांगायला नकोच. पण त्यामुळे टर्मिनल सीमध्ये सहा-सात तास काढावे लागणार. बाबा 74 वर्षांचे, आईच्या गुडघ्यांचं काही खरं नाही. दोघांनाही व्हीलचेअर सांगितली आहे.

युनायटेड क्लब म्हणजे युनायटेडचं विमानतळावरचं लाउंज, आरामात बसायला-खायला. त्याचा एका वेळचा पास माणशी 59 डॉलर, म्हणजे दोघांचे मिळून दहा हजार रुपयांच्या आसपास. बाबांना आकडा सांगितला तर म्हणाले, "कशाला रे? मुंबईला दोन रुपयांत आत सोडतात." गेल्या वर्षी त्यांच्या रुपे डेबिट कार्डावर खरंच दोन रुपये कापले गेले आणि दोघं इडली, पुलाव, गुलाबजाम असं यथेच्छ हाणून आले (आईचं वेगळं कार्ड होतं). ते दोन रुपये कार्ड चालतंय का हे बघण्यापुरते असतात, खरा खर्च बँक आणि कार्डवाले उचलतात, हे मी तीनदा समजावलं. "मग अमेरिकेतल्या बँकेला काय धाड भरली?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मला काळजी जेवणाची जास्त आहे. टर्मिनल सीमध्ये बऱ्याच ठिकाणी टेबलावरच्या स्क्रीनवर किंवा क्यूआर कोड स्कॅन करून ऑर्डर द्यावी लागते. आई अंडंही खात नाही, आणि बाबा त्या स्क्रीनशी भांडत बसतील. लाउंजमध्ये निदान समोर मांडलेलं ताटात घेता येतं.

तर, पास आधीच घेऊन ठेवू का? सहा तास बसू देतात, की तीन तासांत उठवतात? आणि व्हीलचेअरवाला त्यांना लाउंजला सोडून पुन्हा न्यायला येतो का? माझ्याकडे स्टार अलायन्स गोल्ड (युनायटेड ज्या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्याचं वरच्या दर्जाचं सभासदत्व) आहे, त्याचा काही उपयोग?

---

प्रतिसाद 1

गोल्ड विसरा. सोबत एक पाहुणा नेता येतो, पण तुम्ही स्वतः त्या दिवशी प्रवास करत असाल तरच. घरी बसून आईबाबांना देता येत नाही.

तीन तासांचा नियम आहे, पण तो जिथून प्रवास सुरू होतो तिथे. कनेक्शनवाल्यांना मधल्या वेळेत कधीही जाता येतं. पास आधी घेऊ नका. गर्दी असली की एका वेळच्या पासवाल्यांनाच पहिल्यांदा दारातून परत पाठवतात. ऐनवेळी अॅपवरून घेता येतो. बाबांच्या फोनवर अॅप टाकून कार्ड जोडून ठेवा, रोख चालत नाही. आणि पोलारिस लाउंजच्या दारात जाऊ देऊ नका. ते बिझनेस क्लासवाल्यांचं, तिथे हा पास चालत नाही. सी 74 आणि सी 123 या गेटांजवळ युनायटेड क्लब आहेत, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

---

प्रतिसाद 2

59 महाग वाटत असेल तर अमेरिकन एअरलाइन्सचा दिवसाचा पास 79 आहे, आणि डेल्टा तर असा सुटा पास विकतच नाही. प्रायॉरिटी पास (अनेक विमानतळांवरच्या लाउंजांसाठीचं सभासदत्व) घ्यायचा विचार असेल तर तोही इथे कामाचा नाही. साधं सभासदत्व वर्षाला 99 डॉलर, वर दर भेटीला माणशी 35, आणि एवढं करून अमेरिकेतले युनायटेड क्लब त्यात येतच नाहीत.

खाण्याबद्दल अपेक्षा फार ठेवू नका. सूप, सॅलड, चीजचे तुकडे, फळं, बिस्किटं. पुलाव-गुलाबजामचा आनंद नाही. माझं मत विचाराल तर पैसे खुर्चीचे आणि जवळच्या स्वच्छ बाथरूमचे आहेत, जेवणाचे नाहीत.

---

प्रतिसाद 3

मी माझ्या सासूबाईंना असंच पाठवलं होतं. व्हीलचेअरवाली बाई लाउंजच्या काउंटरपर्यंत सोडून गेली. पुढे आपोआप कोणी येईल असं धरून चालू नका. आत शिरतानाच काउंटरवर बोर्डिंग पास दाखवून "इतक्या वाजता व्हीलचेअर हवी" असं सांगायचं. आत प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. शिवाय दिल्लीच्या विमानाला गेटवर पासपोर्ट तपासतात, तेव्हा दीड तास आधी निघालेलं बरं.

सोबत दशम्या, बटाट्याची सुकी भाजी द्या. सुकं खाणं सुरक्षा तपासणीत अडवत नाहीत. लोणच्याची बाटली मात्र हातातल्या पिशवीत नको, 100 मिलीच्या नियमात जाते.

आणि दिल्लीला बॅगा ताब्यात घेऊन, कस्टम करून पुन्हा द्याव्या लागतात हे त्यांना माहीत आहे ना? त्यानंतर तिथल्या टर्मिनल 3 च्या देशांतर्गत लाउंजमध्ये काकांना त्यांचे दोन रुपये वापरू द्या. फक्त बँकेला आधी विचारा. 2024 पासून बऱ्याच बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच, अशी अट घातली आहे. मुख्यतः क्रेडिट कार्डांना आहे, पण डेबिटचंही बघून घ्या.

---

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पास आधी घेत नाही, बाबांच्या फोनवर अॅप टाकलं. किंमत आता त्यांना सांगणारच नाही, तिकिटातच आहे म्हणतो. बँकेचं विचारलं तर बाबा म्हणाले, कार्डावर पेट्रोलशिवाय काही नाही, म्हणजे दिल्लीचं अवघडच दिसतंय. दशम्यांचं काम आईने आधीच मनावर घेतलंय.

एक राहिलं, व्हीलचेअरवाल्यांना टिप किती द्यायची?

---

प्रतिसाद 3

प्रत्येक टप्प्याला पाच डॉलर. सुट्ट्या नोटा काकूंकडे द्या, काकांकडे नको.