घरी गाण्याचा क्लास घेणाऱ्यांनी फी आणि बुडालेल्या तासांचे नियम कसे ठरवलेत?

सूरमयी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, मी घरीच गाण्याचे आणि पेटीचे क्लास घेते. लहान मुलांच्या दोन बॅच आहेत, आठवड्यातून दोनदा, महिना १२०० रुपये, आणि शिवाय आठ जण एकेकटे शिकायला येतात, आठवड्यातून एक तास, तासाला ५००. बॅचचं फार काही नाही, पण एकेकट्यांचं असं ठरलंय की जेवढे तास झाले तेवढे पैसे महिनाअखेरीला, आणि सगळी गडबड इथेच होते.

संध्याकाळी साडेसहाचा तास असतो, सव्वासहाला मेसेज येतो की ताई आज नाही जमणार, पाहुणे आलेत. मी तोवर तानपुरा लावून बसलेली असते आणि त्याच साडेसहाच्या वेळेसाठी दुसरी एक मुलगी कधीपासून थांबलीये तिला मी वेळ नाही म्हणून सांगितलेलं असतं. गणपती, दिवाळी, फेब्रुवारी-मार्चची परीक्षा आणि मग अख्खा मे, या महिन्यांत उत्पन्न निम्म्यावर येतं. बॅचच्या पालकांनाही आता वाटायला लागलंय की सहाच क्लास झाले तर फी कमी व्हायला हवी. हेच पालक गणिताच्या क्लासला वर्षाची फी जूनमध्येच भरतात आणि तिथे दांडीचे पैसे कोणी परत मागत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

तर मला विचारायचंय की तुम्ही फीचा आकडा नेमका कशावरून काढता? आयत्या वेळी रद्द झालेल्या तासाचे पैसे घेता का? आणि बहुतेक सगळे आपल्याच सोसायटीतले, ओळखीचे, त्यांना हे सांगायचं कसं? तीन वर्षं फी वाढवलेली नाहीये.

तबला_आणि_चहा, पुणे

ताई, तासाप्रमाणे पैसे घेणं आधी बंद करा, बाकीचे अर्धे प्रश्न त्यातच सुटतील. मुलगा आला की नाही यावर फी ठेवली की त्याच्या घरच्या पाहुण्यांचा खर्च दर वेळी तुमच्याकडून जातो. फी असते ती मंगळवारी साडेसहा ते साडेसात ही वेळ त्याच्या नावावर ठेवल्याची, ती वेळ तुम्ही दुसऱ्या कोणाला विकू शकत नाही.

मी कसं करतो ते सांगतो. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातले दिवाळीचे २, गणपतीचा १, मे मधले ३, आणि माझ्या साथीच्या कार्यक्रमांसाठी आणि आजारपणासाठी २ असे ८ आधीच काढून टाकायचे. राहिले ४४. माझा दर तासाला ६०० आहे, म्हणजे ४४ तासांचे २६,४०० झाले, भागिले १२, महिना २,२००. हे दर महिन्याला सारखेच, महिन्यात पाच मंगळवार आले तरी तेवढेच आणि मे महिन्यात एकच तास झाला तरी तेवढेच. सुट्ट्या हिशोबातून आधीच वजा केल्यात हे एकदा कागदावर दाखवलं की कोणी वाद घालत नाही असा माझा अनुभव आहे, कारण पालकांना वाटत असतं की सुट्टीचेही पैसे घेतायत. तुमच्या ५०० च्या दराने २२,००० होतात, महिना साधारण १,८५० धरा. आठ जणांचे १४,८०० दर महिन्याला, मे असो की जून. भरलेल्या महिन्यापेक्षा थोडे कमी आहेत पण घर चालवायला हा आकडा उपयोगाचा.

आता मुळात ५०० बरोबर आहेत का ते बघा. शेजारचे सर किती घेतात यावरून ठरवू नका. वर्षाला किती यायला हवेत तो आकडा लिहा, त्यात पेटीची दुरुस्ती, ट्यूनिंग, वीज, तुम्ही अजून स्वतःच्या गुरूंकडे जात असाल तर तिथली फी, जाण्यायेण्याचा खर्च सगळं धरा. समजा ४,४०,००० आले. संध्याकाळी चार तास असं आठवड्याचे पाच दिवस म्हटलं तर २० तास, ४४ आठवड्यांचे ८८०, दर निघतो ५००. पण वीसच्या वीस तास कधीच भरलेले नसतात, कोणी बदली होऊन जातो, कोणी दहावीत जातो, म्हणून मी १६ च धरतो. ७०४ तास, दर येतो ६२५. आणि तुम्ही गाणं शिकवता, दिवसाला पाच-सहा तास वर खाली गाऊन दाखवलं तर स्वतःच्या रियाजाला गळा उरत नाही, त्यामुळे तास वाढवून भरपाई करायचा मार्ग तुम्हाला आमच्यापेक्षा कमी आहे. ते दरातच यायला हवं.

दोन_विद्यार्थ्यांची_आई, ठाणे

मी शिकवत नाही, माझी मुलगी गाणं शिकते आणि मुलगा तबला, म्हणून पालकांच्या बाजूने लिहिते. ताई, नियम असले की आम्हालाही सोपं पडतं हो. मुलाच्या आधीच्या सरांकडे काहीच ठरलेलं नव्हतं, एकदा ताप आला म्हणून नाही पाठवलं तर पैसे कापले नाहीत, पुढच्या वेळी लग्नाला गेलो तर कापले, मग प्रत्येक वेळी विचारायलाच अवघडल्यासारखं व्हायचं. आता गाण्याच्या बाईंनी पहिल्याच दिवशी एक पानभर लिहून दिलं, वाचलं, सही केली, विषय संपला.

एक मात्र मनापासून सांगते, तुमच्याकडून क्लास रद्द झाला तर तो न मागता भरून द्या. बऱ्याच ठिकाणी होतं काय की सरांचा कार्यक्रम लागला की दोन तास जातात आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही, आणि आमचा एक तास गेला की लगेच नियम दाखवतात. फी वाढवण्यापेक्षा त्याचा राग जास्त येतो. आणि तापाने फणफणलेलं पोर पैसे बुडतील म्हणून क्लासला पाठवणारे पालक पण असतात, तर आजारपणाचं काहीतरी वेगळं ठेवा.

तबला_आणि_चहा, पुणे

ताई, अगदी बरोबर. माझ्याकडे नियम असा आहे की माझ्यामुळे गेलेला तास शंभर टक्के भरून मिळणार आणि तीन आठवड्यांत नाही जमला तर पुढच्या फीतून वजा. विद्यार्थ्याने आदल्या रात्री ९ पर्यंत कळवलं तर महिन्याला एक तास भरून मिळतो, पण त्याच्या सोयीच्या वेळी नाही, महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी ९ ते १२ मोकळा ठेवतो, तेव्हाच यायचं, दोन-तीन जण एकत्र आले तरी एकत्रच बसायचं. ही रविवारची गोष्ट फार कामाची आहे, नाहीतर बुडालेले तास भरता भरता आठवडा संपतो. त्याच दिवशी कळवलं तर तास गेला. आजारपणाला मी वेळेची अट लावत नाही, सकाळी ताप आला तर आदल्या रात्री कसं कळवणार, तो रविवारी येतो किंवा बरं वाटत असेल तर अर्धा तास व्हिडिओवर पाठ केलेलं ऐकतो. महिन्याला एक, एवढं मात्र त्यालाही लागू.

ऑनलाइन_रियाज, कोल्हापूर

माझे निम्मे विद्यार्थी अमेरिकेतले आणि इंग्लंडमधले मराठी घरांतली मुलं आहेत म्हणून थोडं वेगळं सांगतो. तिकडच्या पालकांना रद्द करण्याचा नियम असणं नवीन नसतं, त्यांच्या मुलांच्या पियानोच्या आणि पोहण्याच्या क्लासला तो असतोच, उलट आपण नियम सांगितला नाही तर तेच विचारतात. मी ३ महिन्यांची फी आधी घेतो, १२ तासांची, कारण परदेशातून दर महिन्याला पैसे पाठवले की प्रत्येक वेळी बँकेचे चार्जेस आणि दोघांनाही हिशोबाचा ताप.

खरी भानगड घड्याळाची आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, इंग्लंडमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आपलं जागचं हलत नाही. म्हणजे न्यू जर्सीतला शनिवारी सकाळी ९ चा क्लास उन्हाळ्यात माझ्याकडे संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला येतो, आणि साडेसातला माझा इथला विद्यार्थी दारात उभा असतो. म्हणून मी लिहूनच ठेवलंय की वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे पक्की, तिकडे ती एक तास बदलेल, आणि त्या आठवड्यात विसरून कोणी आलं नाही तर एकदा माफ, दुसऱ्यांदा नाही. दोन्ही वेळी आदल्या शुक्रवारी मेसेज टाकतो. ज्यांना ऑनलाइन शिकवायचंय त्यांनी हे आधीच ठरवा, मार्चमध्ये ठरवायला जाल तर सगळं वेळापत्रक मोडतं.

अजून एक, नेट गेलं तर कोणाचं? माझं गेलं तर मी भरून देतो, त्यांचं गेलं तर १५ मिनिटं थांबतो आणि मग त्या दिवशीच्या बंदिशीचं रेकॉर्डिंग करून पाठवतो. तास झाला असं धरतो.

जुना_तंबोरा, मिरज

वरचं सगळं वाचलं, हिशोब पटला. माझं शिकवण्यात आयुष्य गेलंय म्हणून दोन गोष्टी सांगतो.

विद्या विकू नये, पैशाचं बोलू नये, हे आपल्याकडे कानावर पडलेलं असतं आणि म्हणूनच सूरमयीबाईंसारख्या शिकवणाऱ्यांना संकोच होतो. पण गुरूच्या घरी राहून शिकायच्या काळात गुरूचं पोट संस्थानिकांच्या नेमणुकीवर चालायचं, शिष्य घरची कामं करायचा, सेवा द्यायचा, म्हणजे देणं होतंच, फक्त ते रुपयांत नव्हतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयावर न राहता लोकांच्या आधारावर, जलशांची कमाई शाळेत घालून. अभ्यासक्रम, परीक्षा, वर्ग, वेळापत्रक ही सगळी शिस्त गाण्याच्या शिक्षणात त्यांनी रुजवली. आणि एवढं करूनही मुंबईतली त्यांच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली. शिकवण्याला जागा लागते, वाद्यं लागतात, माणसाचा वेळ लागतो आणि त्याचे पैसे कुठूनतरी यावेच लागतात, हे त्यांच्यासारख्यालाही चुकलं नाही तर आपण कशाला लाजायचं.

दुसरं, ज्याला परवडत नाही त्याचं काय. माझ्याकडे दोन जागा बिनफीच्या असतात, कायम दोनच, आणि त्या मुलांना वेळेचे नियम इतरांसारखेच. मात्र घासाघीस करणाऱ्याला मी फी कमी करत नाही, कारण एकाला कमी केली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत. अडचण असलेला माणूस बहुतेक वेळा मागतच नाही, ते आपल्याला ओळखावं लागतं आणि गुपचूप करावं लागतं.

आणि परीक्षांचा विचार करा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्या-वाजवण्याच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत असतात आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी परीक्षा द्यायला येणारी मुलं हल्ली पुष्कळ. फॉर्म भरला की आई-वडील रोज जादा तास मागतात. परीक्षेची फी वेगळी आणि जादा तासांची वेगळी हे फॉर्म भरतानाच सांगावं. वर्षभर दांड्या मारून शेवटच्या महिन्यात आलेल्या मुलाला मंडळाच्या प्रवेशिका परीक्षेला बसवूच नये, मग फी कितीही देऊ देत.

सूरमयी_डोंबिवली

काका, तुमचं वाचून खरंच धीर आला, आणि तबलावाल्या दादांचा ४४ आठवड्यांचा हिशोब तर मी लगेच वहीत मांडला, माझा दर ५८० च्या आसपास येतोय म्हणजे ५०० मध्ये मी तीन वर्षं कमीच घेत होते. मेसेज असा लिहिलाय, बघा जरा,

"नमस्कार, १ जूनपासून एकेकट्या तासांची फी वर्षाच्या ४४ तासांची धरून दर महिन्याला सारखी २,१०० रुपये राहील, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यावी. गणपती, दिवाळी आणि मे च्या सुट्ट्या यात आधीच वजा आहेत. यायला जमणार नसेल तर आदल्या रात्री ९ पर्यंत कळवावं, तो तास महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरून मिळेल, महिन्यात एकच. त्याच दिवशी कळवलेला तास झाला असं धरलं जाईल, आजारपण सोडून. माझ्याकडून रद्द झालेला प्रत्येक तास भरून मिळेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

मेसेजचा शेवट कसा करावा कळत नाहीये. आणि एका काकूंची मुलगी अगदी सुरुवातीपासून आहे, त्यांना जुनीच फी ठेवू का?

दोन_विद्यार्थ्यांची_आई, ठाणे

छान आहे, पण क्षमस्व काढा ताई, ते वाचलं की वाटतं यात थोडं बोलायला जागा आहे. त्याऐवजी काही शंका असेल तर फोन करा असं लिहा आणि संध्याकाळची एक वेळ द्या. ग्रुपवर टाकू नका, एकेकाला वेगळा पाठवा, ग्रुपवर एकीने कुरकूर केली की बाकीच्यांनाही वाटतं आपणही बोलावं.

तबला_आणि_चहा, पुणे

हो, क्षमस्व नको. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवा म्हणजे दोन महिने मिळतात, ज्यांना सोडायचंय ते मे मध्येच सोडतील आणि तुम्हाला जूनच्या नवीन मुलांना ती वेळ देता येईल. एक-दोन जण जातील असं धरूनच चाला, ती साडेसहाची मुलगी थांबलीये ना, तिला आधी फोन करा. काकूंना जुनी फी डिसेंबरपर्यंत ठेवा आणि तारखेसकट लिहून द्या, कायमची नको. रद्द करण्याचा नियम मात्र त्यांनाही पहिल्या दिवसापासून तोच. दरवर्षी जूनमध्ये फी थोडी वाढेल ही एक ओळ पण आत्ताच घाला, म्हणजे पुढच्या वर्षी नव्याने सांगायला लागणार नाही.