मोठेपणी पुन्हा वाचलेली ‘चंद्रकांता’: यातली प्रेमकथा नेमकी कुठे आहे?

नौपाड्याची वाचक:
देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही कादंबरी मी शाळेत असताना, दूरदर्शनवरच्या मालिकेचे वेड सर्वत्र पसरले होते त्या काळात, हिंदीतूनच वाचली. नौगढचा वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांच्यासारखे प्रेम जगात कुणी केले नसेल, याविषयी तेव्हा माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ठाण्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर लहानपणच्या आवडत्या पुस्तकाबद्दल बोलायचे ठरल्यामुळे ती पुन्हा वाचली, आणि आता मोठाच पेच पडला आहे.

हे दोघे एकत्र असे फारसे दिसतच नाहीत. तो विरहाने झुरतो, ती रडते, पळवली जाते, तिलिस्मात, म्हणजे गुप्त दारे-भुयारांच्या मायावी जागेत, अडकते; वेषांतर, बेशुद्ध करणारी पूड, सुटकेचे बेत ही सारी खरी कामे तेजसिंह आणि चपला हे ऐयार, म्हणजे वेष पालटण्यात तरबेज हेर, करतात. त्यातही वीरेंद्रसिंह मधेच वनकन्या नावाच्या एका अनोळखी मुलीवर भाळतो. ती अखेरीस चंद्रकांताच निघते, म्हणून लेखकाने त्याला सोडून दिले, असे मला वाटले. जाणकारांनी सांगावे, की हिला प्रेमकथा म्हणावे, की प्रेमाचे निमित्त करून सांगितलेली हेरकथा?

घणसोलीकर:
निमित्तच म्हणावे. खत्रींकडे चकिया आणि नौगढ भागातल्या जंगलांचे ठेके होते आणि तिथले पडके किल्ले, गुहा त्यांनी पायांखाली घातल्या होत्या. कथेतला चुनारचा किल्ला तर आजही गंगेकाठी उभा आहे. त्यामुळे भुयाराचे दार कसे उघडते हे सांगताना त्यांची लेखणी जेवढी रमते तेवढी प्रेमिकांच्या संवादात रमत नाही. मला तर या वयात ऐयारांचा कायदा अधिक भावला. शत्रूचा ऐयार हाती लागला तरी त्याला कैद करायचे, मारायचे नाही, हा नियम दोन्ही बाजू पाळतात, आणि लहानपणी मी तो वाचून सरळ पुढे गेलो होतो. (मालिकेत खलनायक क्रूरसिंहाने इतकी जागा व्यापली, की पुस्तकात त्याची सद्दी लवकर संपते हे अनेकांच्या लक्षातही राहिलेले नाही.)

नेरुळहून एक शिक्षिका:
मला हे मान्य नाही. नौपाड्याच्या ताईंनी वनकन्येचा भाग वीरेंद्रसिंहाच्या बाजूने वाचला आहे. तोच एकदा तिच्या बाजूने वाचून पाहावा. पहिल्या वाचनात रहस्य माहीत नसते, म्हणून आपणही नायकाबरोबर चकतो. दुसऱ्या वाचनात मात्र आपल्याला ठाऊक असते, की मुखवट्यामागे चंद्रकांता आहे, आपल्यासाठी झुरणारा हा माणूस आपल्याच डोळ्यांदेखत दुसरीकडे ओढला जात असल्याचे ती पाहते आहे, आणि ती दुसरी बाईही आपणच आहोत. हा हेवा कुणाचा करावा, आणि दोष तरी कुणाला द्यावा? खत्री तिच्या मनात शिरत नाहीत हे खरे, कारण शिरले असते तर रहस्य फुटले असते. पण त्यांनी न लिहिलेले आता आपल्याला वाचता येते. शिवाय, चंद्रकांता केवळ रडते ही तक्रारही टिकत नाही, कारण वनकन्या म्हणून जे काही घडते ते तिच्याच खाती जमा करायला हवे.

ऐरोलीचे आजोबा:
कट्ट्यावर नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही कादंबरीही ठेवावी. सिंहगडावरून पडून पांगळेपण आलेल्या या लेखकाने 1913 साली मराठी वाचकांना अद्भुताचे आणि प्रेमाचे असेच वेड लावले. खत्रींची ‘चंद्रकांता’ 1888 ची, म्हणजे दोन्हींत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. तुलना रंगेल.

नौपाड्याची वाचक:
नेरुळच्या बाईंचे म्हणणे वाचून वनकन्येची प्रकरणे काल पुन्हा काढली. वीरेंद्रसिंहाला मी अजूनही माफ केलेले नाही, कारण समोर कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हते आणि तरीही तो डळमळला. मात्र कट्ट्यावर आता त्याच्याऐवजी तिच्याबद्दल बोलेन. आजोबा, ‘वीरधवल’ची प्रत आपल्याकडे असल्यास दोन आठवड्यांसाठी मिळू शकेल का?