गेको म्हणजे पाल की सरडा?

अनुजा : मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किमीवर राउंड आयलंड हे छोटं बेट आहे. तिथल्या फेल्सुमा गुंथेरी या गेकोवर मुलांसाठी लिहिते आहे. गेकोला बरेच जण सरडा म्हणतात. मला ते खटकतं.

माधव : खटकायलाच हवं! गेको हा मुळात मलाय शब्द, प्राण्याच्या आवाजावरून आलेला. आपण तो आवाज क्रियापदात जपला: पाल चुकचुकते. शंकेची पालच चुकचुकते. सरडा फार तर कुंपणापर्यंत धावतो. शिवाय सरड्याला पापण्या असतात. बहुतेक पालींना मिटता येतील अशा पापण्या नसतात, डोळे जिभेने चाटून साफ करतात. तेव्हा पालच.

अनुजा : पण पाल म्हटलं की मुलांना ट्यूबलाइटमागची आठवणार. ही तर फूटभर वाढते. तिच्या गोताला ‘डे गेको’ म्हणतात, म्हणून ‘दिनपाल’ कसं वाटतं?

सुलभा : नको गं, ते राज्यपाल-द्वारपालांच्या रांगेत जाऊन बसेल. ‘हिरवी पाल’ही नको. तिची बरीच भावंडं हिरवीगार असली तरी ही करडी-तपकिरी. १८८५ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ बूलांजेने ब्रिटिश म्युझियममधल्या प्राणिशास्त्रज्ञ गुंथरचं नाव तिला दिलं, तर सरळ ‘गुंथरची पाल’ म्हण. आणि बेटाचं ‘गोल बेट’ करू नकोस. शेजारचं सर्पंट आयलंड जास्त गोल आहे आणि तिथे साप नाहीत. साप आहेत ते राउंडवर. नकाशात नावांची अदलाबदल झाली असावी असं मानतात.

अनुजा : आणि ‘एंडेमिक’, म्हणजे एकाच प्रदेशात आढळणारी, यासाठी ‘प्रदेशनिष्ठ’?

माधव : शब्द रुळलेला आहे, पण इथे मला तो अपुरा वाटतो. निष्ठेत निवड असते. ही पाल पूर्वी मॉरिशसच्या मुख्य बेटावरही होती, तिथून ती संपली. राउंडवर उंदीर कधी पोचले नाहीत म्हणून तिथे तगली. तिथेही माणसांनी सोडलेल्या शेळ्या-सशांनी लाटान ताडांची रोपं खाऊन टाकली, माती वाहून गेली. शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ पर्यंत हटवले, तेव्हा कुठे ताड पुन्हा उगवू लागले. या पाली त्याच ताडांवर राहतात. मी ‘फक्त तिथेच उरलेली’ लिहीन.

सुलभा : ‘उरलेली’ला माझंही मत. अलीकडे काही पाली मॉरिशसजवळच्याच इल ओ झेग्रेत बेटावर नेऊन सोडल्या आहेत, तेवढं वाक्य जोड.